उभ्यानं वाजवायचा बाजा

वालूर, ९ जानेवारी १९७५

ईनबाई बायनाबाई,

तुमच्या घरी सगळ्यांना जयभीम. तुम्हालाही, कारण तुम्ही त्याच घरात राहता.

मी मनकर्णा, तुमच्या जावयाची आई. तुमच्या सुलाच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या मातीला आपण भेटलो, ती शेवटची भेट. त्यानंतर तुम्ही मला कागद लिहिले, मी उलट लिहिलं नाही. तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. पुढं प्रौढ वर्गात लिहायला शिकले, तेव्हा लिहावंसं वाटलं नाही. आज वाटायलंय.

काल सेलूच्या बाजारात तुमचा भाचा सटवाजी जीपला टेकून उभा होता. मला बघून म्हणाला, "मनकर्णामाय, बन्सीचा फोटू बघितला का न्हाई? लय झ्याक. त्याच्यापेक्षा उंच बाजा धरून उभा हाय."

मी म्हटलं, "कोणचा फोटू?"

तसा सटवाजी जीपची काच पुसायला लागला. पुसून झालेली काच पुन्हा पुसायला लागला. मग मी त्याला भजी खाऊ घातली आणि सगळं काढून घेतलं.

तर तुम्हाला सगळं माहीत आहे आणि मला काहीच नाही. बन्सी हैदराबादला कॉलेजात शिकतो एवढंच मला माहीत. संध्याकाळी शिकंदराबादला कुण्या पिंटो मास्तराकडे इंग्रजी बाजा शिकायला जातो हे सटवाजीला माहीत. त्या बाजाला डबल बेस म्हणतात, तो सारंगीसारखा असतो पण माणसाहून उंच, हेही सटवाजीला माहीत. मास्तराच्या ऑर्केस्ट्रात तो वाजवणारा माणूस आपला बाजा घेऊन मुंबईला चाललाय, आणि जूनच्या आत बन्सीनं स्वतःचा बाजा आणला तर ती जागा बन्सीची, नाही तर दुसऱ्या कुणाची, हे जीप चालवणाऱ्याला माहीत! नवा बाजा म्हणजे बैलजोडीची किंमत. म्हणून त्यानं तुम्हाला लिहिलं, की नानी, आपल्या जिल्ह्यात निजामाच्या वेळी मोठ्या लोकांनी बँड ठेवले होते, कुणाच्या घरी जुना पडला असेल तर बघ.

नानी, बघ. आजी, बघ, असं त्याला सुचलं नाही.

मला तो कार्ड लिहितो. "आजी, मी खुशाल आहे. तू तब्येतीला जप. अभ्यास चालू आहे." दर कार्डावर हेच. पोस्टमन लांबूनच ओरडतो, "मनकर्णा, नातू खुशाल हाय!" आणि मग कार्ड देतो. तुम्हाला मात्र पाकीट येतं. चिकटवलेलं. पाकिटातून फोटो येतो.

बन्सीचे दात माझ्या घरी आले आणि माझ्याच घरी पडले. मिशी तेवढी तुमच्याकडे आली, कारण हायस्कूल पाथरीला होतं आणि तुमचे मालक गुरुजी. मिशी फुटलेल्या पोराला सांभाळणं काय अवघड आहे? तो आपला आपण जेवतो.

त्यानं मला का सांगितलं नाही, ते मला कळतं. आमच्या घरात वाजवायचं बंद आहे. बन्सीचे आजोबा सनई वाजवायचे. चारठाण्यापर्यंत त्यांना बोलावणं यायचं. छप्पन साली वस्तीनं ठरवलं की आता कुणाच्या दारात वाजवायचं नाही, तेव्हा त्यांनी सनई दुधना नदीत सोडून दिली आणि हात धुऊन घरी आले. पुन्हा नाव काढलं नाही. बन्सी लहान असताना तेलाचा डबा बडवायचा, तर तो डबाही मी परसात पुरला. बरोबरच केलं. उद्या बडवला तर उद्याही पुरीन.

एकच विचारायचं आहे. सटवाजी म्हणतो, फोटोत बाकी सगळे खुर्च्यांवर बसलेत आणि एकटा बन्सी मागं उभा आहे. हे खरं का? आमचे मालक जन्मभर उभ्यानं वाजवत राहिले. बसलेले ते ऐकणारे, उभे ते आम्ही. एवढं शिकून पोरगं पुन्हा उभंच राहणार असेल तर मला कळू द्या.

फोटो पाठवून द्या. बघून परत करीन.

मनकर्णा

वालूर, २ फेब्रुवारी १९७५

ईनबाई,

कागद मिळाला. अक्षर चांगलं आहे तुमचं. गुरुजींनी लिहून दिला असेल.

फोटो भिंतीला खळीनं चिकटवलाय, काढला तर फाटेल, म्हणून पाठवता येत नाही असं तुम्ही लिहिलं. फोटो कुणी भिंतीला चिकटवतं? देवळाच्या भिंतीवर कुस्तीचा कागद चिकटवतात तसा? मला तो पाठवायचा नाही एवढंच सरळ लिहायचं होतं.

तो बाजाच उंच असतो म्हणून माणूस उभा राहतो, असं तुम्ही म्हणता. गुरुजींनी पुस्तकात बघितलं म्हणता. पुस्तक छापणाऱ्याला वालूरच्या लग्नात कोण उभं असतं आणि कोण बसतं हे काय मालूम? बसलेल्या माणसाला दिसतं की बाजा उंच आहे. उभ्या माणसाला दिसतं की बाकीच्यांना खुर्च्या आहेत.

तुम्ही परभणीच्या बँडवाल्याकडे गेलात आणि त्यानं तुम्हाला मोठा ढोल दाखवला, हे वाचून मला हसू आलं. पुन्हा वाचलं, पुन्हा आलं. "सगळ्यात मोठा बाजा दाखवा" म्हटल्यावर तो बिचारा दुसरं काय दाखवणार!

आता माझं ऐका. "आपण दोघी मिळून शोधू" असं तुम्ही शेवटी लिहिलं. मिळून नको. मिळून शोधला की सापडल्यावर तुमचा होईल. मी माझा शोधते, तुम्ही तुमचा शोधा. जिला आधी सापडेल तिचा नातू.

आणि मला सुगावा लागलेला आहे. आमच्या वस्तीतली दगडाबाई कापूस वेचायला चारठाण्याला जाते. तिनं तिथल्या व्यंकटरावांच्या कडब्याच्या खोलीत "बाईच्या कमरेची, माणसाच्या उंचीची सारंगी" बघितली. व्यंकटरावांच्या वडलांनी निजामाच्या वेळी बँड ठेवला होता, हे आमच्या मालकांकडून मी ऐकलेलं आहे. मी आठवड्यात जाऊन येते.

तुम्हाला हे सांगायचं नव्हतं, पण लिहिता लिहिता लिहून गेलं. नवीन कागद वाया घालवण्यापेक्षा असू द्या.

मनकर्णा

वालूर, २६ फेब्रुवारी १९७५

ईनबाई,

चारठाण्याला जाऊन आले. तुम्ही जाऊ नका. तो बाजा कामाचा नाही.

तो कडब्यामागं भिंतीला टेकून उभा होता. मानेला लसणाच्या जुड्या टांगलेल्या. एका अंगाला चीर, तिच्यातून उंदीर आत-बाहेर करतात. तारा तुटून गेलेल्या, एकच राहिलेली, तीही जाडजूड, बैलाच्या कासऱ्यासारखी. धूळ एवढी की बोट फिरवलं तर खालून लाकूड निघालं, पिकल्या बोरासारखं लाल. चकाकणारं. पण लाकूड लाल असलं म्हणून काय झालं.

ती एक तार मी ओढून बघितली. आवाज म्हणावा असा आलाच नाही. दारातली म्हैस मात्र चारा सोडून बघायला लागली आणि माझ्या पायाखालची जमीन जराशी हलल्यासारखी वाटली. ती कडब्याची खोली आहे, जमीन पोकळ असेल.

बसच्या टपावर मावेल का म्हणून मी दोरीनं मापही घेतलं होतं. उंचीचं, कमरेचं, जमिनीपासून त्याच्या खांद्यापर्यंतचं. दोरीला गाठी मारून आणल्या. उगीच.

व्यंकटराव घरीच होते. बोलले. पाणी दिलं त्यांच्या सुनेनं, पितळेच्या तांब्यात, वरून नाही, हातात. तो विषय संपला.

वाळवी लागलेली आहे, चुलीत घालायच्या लायकीचा आहे. तुम्ही तसदी घेऊ नका. बन्सीलाही लिहू नका, त्याच्या जिवाला उगीच आस लागेल. मी दुसरीकडे बघते.

मनकर्णा

वालूर, २० मार्च १९७५

बायनाबाई,

ईनबाई लिहायला हात वळत नाही.

सटवाजी आज मला बघून जीपच्या पलीकडल्या बाजूनं उतरला. मी ओळखलं. म्हटलं, "बोल." तर म्हणाला, "मामीनं चारठाण्याचा बाजा आणला. पाथरीला वसरीत उभा हाय. पोरं बघायला यायलीत."

मी तुम्हाला जाऊ नका म्हणून लिहिलं होतं ना? वाळवी लिहिलं, उंदीर लिहिले, आणखी काय लिहायला पाहिजे होतं? सटवाजी म्हणतो, मामी म्हणाल्या, "मनकर्णाबाई ज्याला नावं ठेवतात ती वस्तू चांगली असणार. सोयरीक ठरवताना माझ्या सुलीला त्यांनी अशीच नावं ठेवली होती आन् मग चार महिन्यांत तिच्याशिवाय त्यांचं पान हलेना."

सुलाचं नाव मधी आणू नका. ती गोष्ट वेगळी.

पण आता मला खरं लिहावं लागेल, कारण तुम्ही तिथं काय कबूल करून आलात ते मला कळायला पाहिजे. बाजाला वाळवी नव्हती. मी रिकाम्या हातानं परत आले ती वाळवीमुळं नाही.

व्यंकटराव ओसरीवर बसले होते. मी खाली उभी. मला बघून म्हणाले, "सनईवाल्याची बायको ना तू?"

म्हटलं, "व्हय."

"काय दम होता गड्याचा! माझ्या लग्नात सकाळधरनं वाजवली, तोंडाची काढली न्हाई. आता कुठं ऐकायला मिळतंय." मग म्हणाले, "त्या बाजाचे पैसे नको मला. तुझा नातू वाजवतो म्हणतीस ना? माझ्या नातीचं लगीन हाय वैशाखात. एक दिवस येऊन दारात वाजवू दे, आन् खुशाल घेऊन जा. आजा वाजवत होता त्याच दारात नातू. लोकं बघतील."

ते रागानं बोलले नाहीत, बायनाबाई. रागानं बोलले असते तर मला सोपं होतं. ते आवडीनं बोलले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं आमच्या मालकांच्या आठवणीनं.

आणि माझी जीभ, जिला सगळं वालूर भितं, ती हललीच नाही. मी नुसती उभी राहिले. मग दोरी गोळा केली, पदरात टाकली आणि चालायला लागले. मागून ते म्हणाले, "विचार कर गं." बसमध्ये जिंतूरपर्यंत, जिंतूरपासून सेलूपर्यंत मी उत्तर शोधत होते. एकही चांगलं सापडलं नाही. शिव्या सापडल्या, पण शिव्या म्हणजे उत्तर नाही.

आता तुम्ही सांगा. तुम्ही बाजा आणला म्हणजे त्याच दारातून आणला. बन्सीला तिथं उभं करायचं कबूल केलंत का? केलं असेल तर मी पाथरीला येऊन तुमच्या वसरीतल्या त्या बाजाच्या ढलप्या काढीन. गुरुजी घरी असोत नसोत.

उलट डाकेनं कळवा.

मनकर्णा

वालूर, ११ एप्रिल १९७५

ईनबाई,

तुमचा कागद आला त्याला दिवस झाले. मी तो सारखा वाचते आहे. सगळा नाही, मधला तेवढा भाग.

तुम्हीही ओसरीखाली उभ्या राहिलात. तुम्हालाही ते तसंच म्हणाले, लगीन, दार, एक दिवस. आणि तुम्ही म्हणालात:

"वाजवंल की. जूनमदी शिकंदराबादला वाजवणारच हाय. तुमी या तिकीट काढून. पुढची खुर्ची धरून ठेवते तुमच्यासाठी."

एवढंच. आवाज न चढवता. मग आतून त्यांची सून म्हणाली, "द्या की मामंजी, कडब्याला जागा तर होईल," आणि त्यांनी किंमत सांगितली, आणि तुम्ही घरी येऊन म्हैस विकली.

ईनबाई, मला म्हशीचा हेवा नाही. दूध तुम्हीच विकत घेऊन प्याल आता. बाजाचा हेवा आहे, पण तो मावण्यासारखा आहे. त्या बोलण्याचा हेवा मावत नाही. तेच दार, तोच माणूस, तेच शब्द, आणि मी तिथून दोरी घेऊन आले आणि तुम्ही बाजा. भाकरी थापताना म्हणून बघते, "तुमी या तिकीट काढून." मी म्हटलेलं जास्त चांगलं लागतं. पण मी ते म्हटलं नाही.

हे उत्तर तुम्हाला तिथंच सुचलं का? का माझ्या कागदात काहीतरी वास आला म्हणून घरून तयार करून गेला होतात? तयार करून गेला असाल तर मला थोडं बरं वाटेल. खरं लिहा. किंवा नका लिहू, तयार करून गेले होते असंच लिहा.

"बन्सीला दोघींनी मिळून दिला असं सांगू," असं तुम्ही लिहिलं. सांगू नका. तुम्ही उपकार म्हणून माझं नाव लावणार आणि मी ते जन्मभर अंगावर वागवणार, असं होणार नाही. म्हैस तुमची, बोलणं तुमचं, बाजा तुमचा. माझं त्यात काही नाही.

जयंती झाली की सटवाजी बाजा परभणीला रेल्वेवर घालणार आहे आणि मीही टेसनला यावं, असंही लिहिलंत. मी येणार नाही. हरभऱ्याची कामं आहेत.

मनकर्णा

(हरभरा कधीच निघाला, हे तुम्हालाही माहीत आहे. पण लिहून झालं.)

वालूर, ४ मे १९७५

ईनबाई,

बाजा पोचल्याचं कळलं. गार्डानं आधी माणसाचं तिकीट मागितलं आणि सटवाजीनं "हा बसत न्हाई, उभाच ऱ्हातो" म्हणून सांगितलं, हे ऐकून तुम्हाला हसू आलं म्हणता. मला आलं नाही.

बन्सीचं कार्ड आलं. "आजी, मी खुशाल आहे. मी आता एक वाद्य वाजवतो. रागावू नकोस. वीस-बावीस जूनला कार्यक्रम आहे, नानीबरोबर ये." पोस्टमननं ते वेशीपासून ओरडत आणलं. सगळ्या वस्तीला माझ्याआधी कळलं.

मी रागावले नाही. मी तात्याराव सुताराकडे गेले.

चारठाण्याची दोरी मी टाकून दिली नव्हती. तिच्यात जमिनीपासून बाजाच्या खांद्यापर्यंतची गाठ होती. मी ती गाठ धरून म्हटलं, "एवढ्या बाजाला कवेत घेऊन माणूस बसला पाहिजे. पाय टेकायला मधी एक दांडी. स्टूल करून दे. बाभळीचं कर, पुढं डुगडुगायला नको."

तात्यारावानं दोरी भिंतीला लावून बघितली. म्हणाला, "मनकर्णाबाई, हे स्टूल हाय का माळा? एवढ्या उंचावर कोण बसतंय?"

म्हटलं, "आमच्यातलं कुणी बसलेलं तू अजून बघितलं नसशील. म्हणून तुला उंच वाटायलंय."

तो रंधा मारायला लागला. ईनबाई, हे मला तिथंच सुचलं. घरून तयार करून गेले नव्हते.

स्टूल जड झालंय. वरची फळी मी स्वतः घासली, करडीचं तेल पाजलं. तेल जरा जास्त झालं, धोतराला लागेल, पण तिकडं पँट घालतात. मी ते बरोबर घेऊन येईन. टेसनला भेटू. तुमच्या बाजानंतर जातंय म्हणून ते मागचं ठरत नाही.

मनकर्णा

शिकंदराबाद, २२ जून १९७५

ईनबाई,

गुरुजींचा ताप उतरला का? ऐन गाडीच्या दिवशी त्यांनी बिमार पडायचं, हे मला आवडलं नाही. तुम्ही टेसनवर तिकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणालात, "सगळं बघून या आन् मला लिहा." तेव्हा मला आनंद झाला की बन्सी आता एकट्या माझ्याजवळ असेल. तो आनंद पूर्णा टेसनापर्यंत टिकला. पुढं रात्रभर स्टूल मांडीजवळ धरून मी एकटीच बडबडत होते.

बन्सी फाटकाशी उभा होता. मला बघितलं आणि पहिला शब्द काय काढला? "नानी न्हाई आली?" म्हटलं, "मी आलेय ना." मग पाया पडला. उंच झालाय. हनुवटी आमच्या मालकांची आहे, तुमच्याकडची नाही, मी निरखून बघितलं.

स्टूल बघून हसला. म्हणाला, "आजी, बेसवाले उभ्यानंच वाजवतात गं. मास्तर पण उभेच ऱ्हातात." म्हटलं, "मास्तर काठी घेऊन उभे राहतात. काठीवाल्याची गोष्ट वेगळी. तू बस." तो स्टूल खांद्यावर घेऊन निघाला.

मी कार्डाचंही विचारलं. म्हटलं, "नानीला पाकीट आन् मला कार्ड का?" तर म्हणाला, "तू वाचायला शिकायच्या आधी पोस्टमन तुला वाचून दाखवायचा. तू त्याला सगळ्या वस्तीपुढं मोठ्यानं वाचायला लावायचीस. मग मी सगळ्यांनी ऐकण्यासारखंच लिहायचो. बाजाचं कसं लिहिणार?" हे खरं आहे. पण तुम्हाला पाकीट जास्त चांगलं यायचं, हेही खरं आहे.

आता कार्यक्रम. हॉल मोठा. पंखे. पुढच्या रांगेत आपल्या दोन खुर्च्या, एक तुमची, एक माझी. तुमच्या खुर्चीवर मी माझी पिशवी ठेवली. एक कोटवाला आला, म्हणाला, "अम्मा, ये सीट खाली है क्या?" म्हटलं, "खाली नहीं, पाथरी की बाई आनेवाली है." पुन्हा दुसरा आला, त्यालाही तेच. दिवे मालवल्यावर तिसरा आला, त्याच्याशी मी बोललेच नाही, नुसतं बघितलं. तुमच्या जागेवर मी कुणाला बसू दिलं नाही. त्याचा अर्थ काही लावू नका.

व्यंकटराव आले नाहीत. तिकीट काढावं लागतं.

पडदा उघडला. व्हायोलिनवाले बसले, पेटीसारखं मोठं काहीतरी घेऊन एक बाई बसली, तुतारीवाले बसले. मागून बन्सी बाजा घेऊन आला. काळी पँट, पांढरा सदरा. तुमचा बाजा ओळखू येत नव्हता, ईनबाई. चीर बुजवलेली, चारी तारा चढवलेल्या, ते बोराचं लाल लाकूड दिव्यात असं दिसत होतं की मी आधी वाळवी लिहिलं होतं याची मलाच लाज... असो. चांगला दिसत होता.

आणि तो उभा राहिला. स्टूल बाजूला, आणि तो उभा. सगळे बसलेले आणि माझा नातू उभा. मास्तरानं काठी उचलली, सुरू झालं. मला काही ऐकू आलं नाही. मला चारठाण्याची ओसरी दिसायला लागली. मी खुर्चीची दांडी धरून बसले होते.

ते गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बन्सीनं खाली माझ्याकडं बघितलं. मी टाळी वाजवली नव्हती. मग त्यानं पायानं स्टूल ओढलं, बाजा मानेला धरून वळवला आणि चढून बसला. एक पाय दांडीवर. दोरीचं माप चुकलं नव्हतं, बाजाचा खांदा बरोबर त्याच्या छातीला लागला.

ईनबाई, तुम्ही असायला पाहिजे होतं. सगळे बसलेले होते आणि बन्सीही बसलेला होता, पण बन्सीचं डोकं सगळ्यांच्या वर होतं.

मग मला ऐकू आलं. कानाला नाही. आधी खुर्चीतून आलं, मग पायातून, चारठाण्याला आलं होतं तसं. इथली जमीन पोकळ नाही, सिमिटाची आहे. व्हायोलिनं वरून काय काय बोलत होती, तुताऱ्या ओरडत होत्या, आणि खाली हा एकटा सगळ्यांना धरून चालला होता. तुमच्या खुर्चीवरची पिशवी थरथरत होती. मी हात ठेवून बघितला.

संपल्यावर पिंटो मास्तर खाली आले. म्हातारा माणूस, दात थोडे, नजर चांगली. बन्सीची जागा पक्की झाली, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. पुन्हा विचारलं, "इतना अच्छा पुराना बेस किसने दिया इसको?"

बन्सी माझ्याकडं बघायला लागला. त्याला वाटलं असेल, आजी आता काय करते.

मी म्हटलं, "इसकी नानी ने दिया. पाथरी की बायनाबाई. भैंस बेचके." चारचौघांत, मोठ्यानं. तुमचं ते "तिकीट काढून या"सुद्धा सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात असंच सांगितलं. सगळे लय हसले. मास्तरांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

मग मी स्टुलावर हात ठेवला. म्हटलं, "और ये मैंने."

मास्तरांनी तुमच्या बाजावरून हात फिरवला, चांगला आहे म्हणाले. आणि मग, ईनबाई, ते स्टुलावर चढून बसले, आणि लवकर उतरलेच नाहीत.

तुमची
मनकर्णा